शंभर बियांचा नित्यनेम
(व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी चिकाटीविषयी बोलावयाचे, तर थोर पुरुषांची चरित्रे डोळ्यांसमोर येतात. आजच्या विषयातला नायक मात्र कोणी राजा नाही, सेनापती नाही, पंडित नाही. तो एक मेंढपाळ आहे, आणि तोही कागदावर रंगीत पेन्सिलीने रेखाटलेला. अर्ध्या तासाच्या एका चित्रपटातून तो जगभर पोहोचला. त्या चित्रपटाचे मूळ फ्रेंच नाव ‘लॉम की प्लाँतेत देझार्ब्र’, म्हणजे ‘झाडे लावणारा माणूस’. १९८७ साली तो कॅनडात तयार झाला. त्याच वर्षी फ्रान्समधील आन्सी येथील अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९८८ साली सर्वोत्कृष्ट लघु अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक लाभले. अ‍ॅनिमेशन म्हटले की मुलांची करमणूक अशी आपली समजूत असते. हा चित्रपट त्या समजुतीला सौम्यपणे बाजूला सारतो.

चित्रपटाचे कथानक आधी पाहू. वर्ष १९१३. फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याकडील उजाड माळरानावरून एक तरुण पायी प्रवास करीत आहे. झाड नाही, पाणी नाही, रानटी लव्हेंडरखेरीज काही उगवत नाही. मोडक्या घरांच्या एका ओस गावात तो मुक्काम करतो. तिथला झरा आटलेला आहे आणि वारा पडक्या भिंतींतून हिंस्र श्वापदासारखा गुरगुरतो आहे. तहानेने व्याकूळ होऊन तो पुढे चालू लागतो, तेव्हा दूरवर एक उभी आकृती दिसते. प्रथम त्याला तो झाडाचा बुंधा वाटतो. जवळ गेल्यावर कळते की तो एक मेंढपाळ आहे.

एल्झेआर बूफिए हे त्या मेंढपाळाचे नाव. वय पंचावन्न वर्षे. एकुलता एक मुलगा गेला, पाठोपाठ पत्नी गेली. उरलेले आयुष्य एकांतात, मेंढ्या आणि कुत्रा यांच्या सोबतीने कंठायचे त्याने ठरविले आहे. तो पांथस्थाला पाणी देतो, आपल्या दगडी घरात रात्रीचा आसरा देतो. घर स्वच्छ, भांडी घासलेली, सदऱ्याच्या गुंड्या नीट शिवलेल्या. एकट्याने राहूनही या माणसाच्या राहणीत ढिलाई शिरलेली नाही, ही गोष्ट पाहुण्याच्या मनात भरते.

जेवण आटोपल्यावर मेंढपाळ एक लहानशी पिशवी आणून टेबलावर ओतो. ओक वृक्षाच्या बियांचा ढीग पडतो. एक-एक बी उचलून तो दिव्याच्या उजेडात निरखतो. चिरलेली बाजूला, बारीक बाजूला. दहा-दहाच्या राशी करीत तो शंभर निर्दोष बिया निवडतो आणि झोपी जातो. पाहुण्याने मदत करू का म्हणून विचारले, तर हे आपले काम आहे असे तो शांतपणे सांगतो. दुसऱ्या दिवशी बियांची पिशवी पाण्यात भिजवून, हातात लोखंडी सळई घेऊन तो टेकडीवर चढतो. सळईने भोक पाडतो, बी टाकतो, माती सारतो. पुन्हा भोक, पुन्हा बी. ही जमीन कोणाची, असे विचारल्यावर ती आपली नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. कोणाची ते त्याने कधी विचारलेले नाही.

इथे थोडे थांबावे. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया पेरल्या होत्या. त्यांतून वीस हजार रोपे उगवली. त्यांतली निम्मी उंदीर-खारींनी, ऊन-वाऱ्याने आणि दैवगतीने नष्ट होतील असा त्याचा हिशेब होता. म्हणजे लाखातून उरणार दहा हजार. जिथे काहीच नव्हते तिथे दहा हजार ओक उभे राहतील, या विचाराने तो समाधानी होता. व्यापार-उदिमात आयुष्य घालविलेल्या आपल्या समाजाला हा हिशेब लगेच समजेल. शंभरातले नव्वद बुडणार हे माहीत असून शंभरही बिया तितक्याच काळजीने निवडायच्या! कोणती दहा जगणार हे आधी कळत नाही, म्हणून एकाही बीच्या बाबतीत हयगय करून चालत नाही. चिकाटी या शब्दाचा अर्थ इथे उलगडू लागतो. यशाची खात्री असताना काम रेटत राहणे तुलनेने सोपे असते. नुकसान पदरात धरून, ते मोजून, तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे उठणे अवघड असते.

पुढे १९१४ चे महायुद्ध येते. तो तरुण सैन्यात जातो, पाच वर्षे रणांगणावर काढतो आणि झाडे विसरतो. १९२० साली तो परत येतो तेव्हा मेंढपाळ मरण पावला असेल असे त्याला वाटते. पण बूफिए जिवंत असतो आणि १९१० साली लावलेले ओक माणसाहून उंच झालेले असतात. त्याने आता मेंढ्या फार कमी केल्या आहेत, कारण त्या कोवळी रोपे खात होत्या. केवळ चार मेंढ्या ठेवून तो मधमाश्यांच्या शंभर पेट्या सांभाळतो. ज्या व्यवसायावर पोट चालले तोच व्यवसाय हाती घेतलेल्या कार्याच्या आड येतो असे दिसताच त्याने तो बदलला. निश्चय ध्येयाशी हवा, साधनाशी नको, हा बोध या लहानशा प्रसंगात आहे.

या कथेत अपयशही आहे. एका वर्षी त्याने दहा हजारांहून अधिक मेपलची रोपे लावली आणि ती सर्वच्या सर्व मेली. कोणी सांत्वन करणारे नव्हते. एकांत इतका दीर्घ होता की उतारवयात त्याची बोलण्याची सवयच सुटली होती. पुढच्या वर्षी त्याने मेपल सोडून बीच वृक्ष घेतला, आणि बीच जगले. वर्षभराच्या श्रमांची राख डोळ्यांदेखत झालेली पाहून मनात निराशा आली नसेल असे नाही. ती आली आणि तिच्यातून त्याला वाट काढावी लागली, असेच कथा सुचविते.

१९३३ साली एक वनरक्षक त्या परिसरात येतो आणि बूफिएला ताकीद देतो की उघड्यावर चूल पेटवू नये, नाहीतर या ‘नैसर्गिक’ अरण्याला धोका पोहोचेल! ज्याने अरण्य उभे केले त्यालाच ही ताकीद. आपण कोण हे तो सांगत नाही. १९३५ मध्ये सरकारी शिष्टमंडळ येते, पुष्कळ भाषणे होतात. त्यातून एक गोष्ट मात्र उपयोगाची घडते. ते वन सरकारी संरक्षणाखाली घेतले जाते आणि तेथे कोळसा पाडण्यास बंदी होते. १९३९ चे दुसरे महायुद्ध येते, लाकडाच्या वायूवर मोटारी चालू लागतात आणि ओकांवर कुऱ्हाड पडू लागते. पण तो भाग रेल्वेपासून इतका दूर की तोड परवडत नाही आणि ती सोडून दिली जाते. मेंढपाळाला यातले काही कळलेलेसुद्धा नसते. तो तीस किलोमीटर पलीकडे बिया पेरीत असतो.

१९४५ च्या जूनमध्ये त्या प्रवाशाची त्याच्याशी शेवटची भेट होते. बूफिए आता सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. जे गाव १९१३ साली जवळजवळ मोडून पडले होते, जेथे उरलेली तीन माणसे एकमेकांचा द्वेष करीत जगत होती, तेथे आता अठ्ठावीस माणसे राहतात. चार जोडपी नवविवाहित आहेत. पडक्या भिंती पाडून घरे बांधली आहेत, भाजीपाल्याचे वाफे आहेत, कारंज्यातून पाणी वाहते आहे आणि त्या कारंज्याजवळ कोणीतरी लिंडनचे झाड लावले आहे. झरे पुन्हा वाहू लागले, पाण्यामागून कुरणे आली, कुरणांमागून माणसे आली, आणि माणसांबरोबर हसणे आले. १९४७ साली बानाँ येथील वृद्धाश्रमात बूफिए शांतपणे देह ठेवतो.

आता हे सारे पडद्यावर आणणाऱ्या माणसाकडे वळू. फ्रेदेरिक बाक यांचा जन्म १९२४ साली सारब्रुकन येथे झाला. फ्रान्समधील रेन शहरात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९४८ मध्ये ते कॅनडाला गेले आणि १९५२ पासून तेथील सार्वजनिक प्रक्षेपण संस्था रेडिओ-कॅनडा हिच्यासाठी काम करू लागले. प्राण्यांच्या संरक्षणासाठी आणि प्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या क्वेबेक प्रांतातील संस्थांच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. म्हणजे मूक जिवांविषयीचा कळवळा त्यांच्या चित्रांत आला तो आधी जीवनात होता. ‘क्राक’ या त्यांच्या चित्रपटाला १९८२ साली ऑस्कर मिळाले होते. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्यांनी या एका अर्ध्या तासाच्या चित्रपटाला दिली.

अ‍ॅनिमेशनचे तंत्र थोडक्यात समजून घेतले म्हणजे या पाच वर्षांचा अर्थ कळेल. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. अर्धा तास म्हणजे अठराशे सेकंद, आणि अठराशे सेकंदांना त्रेचाळीस हजारांहून अधिक चौकटी लागतात. एकेक चित्र साधारण दोन चौकटींना वापरले, तरी वीस हजारांच्या आसपास चित्रे हवीत. बाक यांनी या चित्रपटासाठी सुमारे २०,००० चित्रे केली. धूसर पारदर्शक पत्र्यावर, रंगीत पेन्सिलीने, हाताने! मदतीला लीना गान्याँ या एकच सहकारी चित्रकार होत्या. मोठ्या चित्रपटसंस्थांत शेकडो कारागीर जे काम वाटून घेतात, ते इथे प्रायः एका हाताने झाले.

या शैलीतच कथेचा आशय उतरला आहे. चित्रपटाचा आरंभ मातकट, करड्या रंगांत होतो. रेषा वाऱ्याने विस्कटल्यासारख्या, आकृत्या पुसट. जसजसे अरण्य वाढते तसतसा रंग येतो. प्रथम हिरव्याची एखादी छटा, मग पाण्याचा निळा, आणि शेवटी गावातल्या माणसांच्या वस्त्रांतले, फुलांतले, उन्हातले सगळे रंग. एक दृश्य संपून दुसरे सुरू झाले असा झटका सहसा बसत नाही. टेकडी विरघळून मेंढ्यांचा कळप होते, कळप विरून ढग होतो. प्रेक्षकाला बदल घडताना दिसत नाही आणि बदललेले मात्र दिसते. जंगल असेच वाढते, मूल असेच मोठे होते आणि संस्थाही अशीच वाढते. फ्रेंच आवृत्तीत फिलिप नुआरे आणि इंग्रजी आवृत्तीत क्रिस्टोफर प्लमर या नामवंत अभिनेत्यांच्या संथ निवेदनाने या चित्रमालेला काव्याची लय दिली आहे.

या साधनेची किंमतही मोजावी लागली. चित्रावरील पेन्सिलीचा रंग टिकावा म्हणून जे द्रव्य फवारतात, त्याच्या अपघाताने बाक यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. चित्रकाराचा डोळा म्हणजे त्याचे सर्वस्व. तरी ते थांबले नाहीत. १९९३ साली सेंट लॉरेन्स नदीवरचा आणखी एक चित्रपट त्यांनी पूर्ण केला. २४ डिसेंबर २०१३ रोजी माँट्रियल येथे वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दिव्याच्या उजेडात एकेक बी निरखणारा मेंढपाळ आणि एका डोळ्याने एकेक रेषा ओढणारा चित्रकार, या दोघांची बैठक एकच आहे.

बंधु-भगिनींनो, आता एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. एल्झेआर बूफिए हा माणूस खरोखर होऊन गेला का?

नाही. मूळ कथा फ्रेंच लेखक झाँ जिओनो यांची. एका अमेरिकन मासिकाने लेखकांना आवाहन केले होते की तुम्हाला भेटलेल्या सर्वांत असामान्य व्यक्तीविषयी लिहा. जिओनो यांनी १९५३ च्या सुमारास ही कथा लिहून दिली. मासिकाने चौकशी केली तेव्हा असा कोणी मेंढपाळ आढळला नाही, आणि लेख नाकारण्यात आला. नंतर १९५४ मध्ये ती ‘व्होग’ या नियतकालिकात छापली गेली आणि अनेक भाषांत गेली. पुष्कळ वाचक तिला सत्यकथाच समजत राहिले. १९५७ साली एका वनाधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात जिओनो यांनी मोकळेपणाने सांगितले की हे पात्र काल्पनिक आहे आणि वृक्षांविषयी, विशेषतः वृक्ष लावण्याविषयी, लोकांच्या मनात प्रेम उत्पन्न व्हावे एवढाच त्यामागील हेतू आहे. ही कथा त्यांनी वापरास मोफत खुली ठेवली होती.

सत्याला व्रत मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न सहज सोडून देता येणार नाही. कल्पित माणसाला खरा म्हणून मासिकाकडे पाठविणे योग्य नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आणखी एक वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. फ्रान्सच्या त्या दक्षिण भागातील बोडक्या डोंगरांवर झाडी परतली, तीमागे एकोणिसाव्या शतकापासूनचे सरकारी वनीकरणाचे कायदे, वनखात्याचे अधिकारी आणि असंख्य निनावी मजूर यांचे श्रम होते. एकट्या माणसाच्या कथेत त्यांना जागा मिळाली नाही. कथेवर प्रेम करताना त्या मजुरांचे ऋण विसरू नये.

पण मग कथा खोटी ठरते का? जिओनो यांनी पहिले महायुद्ध स्वतः खंदकांतून पाहिले होते, व्हेर्दाँच्या संहारातून ते वाचले होते, आणि पुढे युद्धाला विरोध केल्याबद्दल १९३९ साली त्यांना कारावासही घडला होता. दोन महायुद्धांच्या काळात एक माणूस शांतपणे बिया पेरतो, हे चित्र ज्याने लिहिले त्याने विनाश जवळून पाहिला होता. माणसे मारण्यासाठी जेवढी चिकाटी दाखवितात तेवढी जगविण्यासाठी का दाखवीत नाहीत, ही वेदना त्यामागे आहे.

आणि काही वेळा जीवन कथेच्या मागोमाग येते. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील उजाड वाळूवर जादव पायेंग या तरुणाने १९७९ च्या सुमारास झाडे लावण्यास आरंभ केला. पुरानंतर वाळूवर सावलीअभावी साप मेलेले पाहून त्याचे मन कळवळले होते. त्याने आधी बांबू लावला, मग इतर वृक्ष. सुमारे तीन दशके बाहेरच्या जगाला त्याची वार्ता नव्हती. २००८ साली हत्तींच्या कळपाचा माग काढीत वनखात्याची माणसे तेथे पोहोचली आणि नकाशावर नसलेले अरण्य पाहून चकित झाली. जिओनोच्या कथेतला वनरक्षक जणू प्रत्यक्ष अवतरला! आज ते अरण्य सुमारे ५५० हेक्टरांवर पसरलेले आहे. २०१५ साली पायेंग यांना पद्मश्री देण्यात आली.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात सालुमरद तिम्मक्का होऊन गेल्या. पोटी मूलबाळ नाही म्हणून खचून न जाता त्यांनी व त्यांच्या पतीने हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेने वडाची रोपे लावली, दूरवरून घागरींनी पाणी आणून ती जगविली, जनावरांपासून रक्षण व्हावे म्हणून काटेरी कुंपण केले. पतीच्या निधनानंतरही त्यांनी वृक्षांची सेवा सोडली नाही. ‘सालुमरद’ म्हणजे रांगेतल्या झाडांची. लोकांनी प्रेमाने दिलेले हे नाव. २०१९ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. २०२५ साली त्यांचे देहावसान झाले. शाळेची पायरी न चढलेल्या या माऊलीला कोणत्याही चित्रपटाने वाट दाखविली नव्हती. तिने तिच्या दुःखातूनच वाट काढली.

बूफिए कल्पित, पायेंग आणि तिम्मक्का खरे. तिघांत एक गोष्ट समान आहे. आरंभी त्यांना कोणी पाहत नव्हते. सत्कार, छायाचित्र, पुरस्कार यांपैकी काही दृष्टीपथात नव्हते. पुढे जे मिळाले ते अरण्याच्या मागून चालत आले. ज्या कार्याला साक्षीदार हवा असतो ते साक्षीदार उठून गेल्यावर थांबते, आणि ज्याला नको असते ते चालू राहते.

प्रवास या शब्दाचाही येथे निराळा अर्थ लागतो. चित्रपटात खरा प्रवास करणारा कोण? तो तरुण डोंगर ओलांडतो, युद्धावर जातो, परत येतो, पुन्हा जातो. मेंढपाळ मात्र त्याच टेकड्यांवर फिरतो. तरीही अधिक दूर पोहोचतो तो मेंढपाळ. एका जागी राहून, रोज शंभर पावले एकाच दिशेने टाकून, तो मरणाच्या प्रदेशातून जीवनाच्या प्रदेशात चालत गेला आणि दहा हजार माणसांना बरोबर घेऊन गेला.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा क्षण असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी बी टाकले त्यांच्यापैकी कित्येकांनी आजची सावली पाहिली नाही. त्यांतल्या काहींची नावे फलकावर आहेत, पुष्कळांची नाहीत. सतरंज्या घातलेले हात, जमाखर्चाच्या वह्या लिहिलेले हात, स्वयंपाकघरात राबलेले हात कोणत्याही फलकावर येत नाहीत. त्यांच्या श्रमांची गणती करणे आता शक्य नाही. त्यांच्याप्रमाणे वागणे तेवढे शक्य आहे.

येथे जमलेल्या तरुणांनी हा अर्ध्या तासाचा चित्रपट घरच्या वडीलधाऱ्यांसह बसून पाहावा. भाषा परकी असली तरी चित्रे परकी वाटणार नाहीत. आणि पाहून झाल्यावर रात्री दिव्याखाली एक प्रश्न स्वतःला विचारावा, की आपल्या शंभर बिया कोणत्या? कोणाच्या बिया पुस्तकांच्या असतील, कोणाच्या औषधांच्या, कोणाच्या खरोखरीच्या झाडांच्या. त्या निवडून, चिरलेल्या बाजूला सारून, सकाळी उठून कामाला लागावे. नव्वद वाया गेल्या तरी दहा उभ्या राहतील, आणि त्या दहांच्या सावलीत पुढील पन्नास वर्षे कोणीतरी विसावेल.

सर्वांच्या हातून असा नित्यनेम घडो, ही मंगल कामना.